हरिपूरच्या घाटावरचा प्रसंग का उडतो?

सांगलीच्या एका तरुण दिग्दर्शिकेचा प्रश्न आहे. मित्रमैत्रिणींनी मिळून १६ मिनिटांचा लघुपट केलाय. त्यातला मुख्य प्रसंग हरिपूरला, संगमाच्या घाटावर. आजोबा आणि नात एकाच पायरीवर समोरासमोर बसलेत, आजोबांच्या हातात सातबारा आहे, आणि नात त्यांना सांगते की बाबांनी हळदीचं रान विकायचं ठरवलंय. मग ती उठते, दोन पायऱ्या वर जाते, भांडते आणि निघून जाते. चित्रीकरण दोन दिवस चाललं. कंटिन्युइटीची, म्हणजे एका शॉटमधलं पुढच्या शॉटशी जुळतं का याची, वही काटेकोर ठेवली होती. बांगड्या, टोपी, कागदाची घडी, पायातल्या चपला सगळं जुळतं. तरी प्रसंग उडतो, बघणारा गोंधळतो. चूक संकलनात आहे की चित्रीकरणात, आणि पुन्हा शूट न करता ती निस्तरता येईल का, असं तुम्ही विचारलंय.

तुम्ही पाठवलेला ३ मिनिटं ४० सेकंदांचा तुकडा मी सहा वेळा पाहिला. त्यातला दोनदा आवाज पूर्ण बंद करून पाहिला आणि एकदा डोळे मिटून नुसता ऐकला. उत्तर आधी सांगतो, कारण तुम्ही काळजीत आहात: चूक चित्रीकरणात आहे, पण प्रसंग वाचतो. तीन शॉट नव्याने घ्यावे लागतील, एका सकाळचं काम आहे. बाकीचं संकलनाच्या टेबलावर होईल. आता असं का, ते नीट समजून घ्या, म्हणजे पुढच्या वेळी ही सकाळही वाचेल.

तुमच्या वहीत वस्तूंची नोंद आहे, नजरेची नाही. सगळं तिथं अडलंय. प्रेक्षक दोन शॉट जोडतो ते बांगड्या मोजून जोडत नाही. पात्र कुठं बघतंय आणि कोणत्या दिशेला चाललंय, यावरून तो मनात जागा उभी करतो. ही जागा एकदा पक्की झाली की बांगडी डाव्या हातातून उजव्या हातात गेली तरी शंभरात नव्वद जणांना दिसत नाही. जागाच मोडली, तर प्रत्येक बांगडी जागेवर असूनही काहीतरी बिनसलंय असं वाटत राहतं. काय बिनसलंय ते मात्र त्याला सांगता येत नाही.

तुमचा मास्टर शॉट, म्हणजे सगळा प्रसंग एका चौकटीत दाखवणारा शॉट, बघू. कॅमेरा वर, देवळाच्या बाजूला आहे, तोंड नदीकडे. चौकटीत आजोबा डावीकडे, नात उजवीकडे, मागे कृष्णा उजवीकडून डावीकडे वाहतेय. सुंदर शॉट आहे. आजोबांचा क्लोजही, म्हणजे चेहरा जवळून दाखवणारा शॉटही, याच बाजूने घेतलाय, त्यामुळे ते चौकटीत उजवीकडे बघतात. बरोबर. नातीचे सगळे क्लोज मात्र तुम्ही नावेतून घेतले, म्हणजे नदीकडून घाटाकडे बघत. तिथून ती चौकटीच्या डाव्या बाजूला येते आणि तिची नजरही उजवीकडे जाते. आता हे दोन क्लोज एकापुढे एक लावले की काय दिसतं? आजोबाही उजवीकडे बघतायत, नातही उजवीकडे बघतेय. दोघं एकमेकांशी बोलत नाहीत, उजवीकडे उभ्या असलेल्या कुणा तिसऱ्याशी बोलतायत. त्यातच एका ठिकाणी तुम्ही नावेतला वाइड, म्हणजे लांबून सगळं दाखवणारा शॉट, टाकलाय, त्यात समोरच्या पाण्याला ओढ डावीकडून उजवीकडे आहे. नदीनंच तुमची चुगली केली. नदीकाठी काम करताना हे कायम ध्यानात ठेवा: वाहतं पाणी म्हणजे चौकटीत काढलेला बाण असतो.

याला सेटवर आपण ‘लाईन क्रॉस झाली’ म्हणतो. बोलणाऱ्या दोन माणसांमधून एक सरळ रेघ ओढलीय असं समजा. कॅमेरा त्या रेघेच्या एकाच बाजूच्या अर्धवर्तुळात, १८० अंशांत राहिला, तर डावीकडचा डावीकडेच राहतो आणि उजवीकडचा उजवीकडे. पुस्तकात हे नियम म्हणून येतं आणि मुलं पाठ करतात. मला ते खरं कळलं ते नाटकामुळे. सांगलीत वाढलेल्या माणसाला ते तसंच कळावं, याचं मला बरं वाटतं. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली इथं ‘सीतास्वयंवर’ केलं. तेव्हापासून या गावानं नाटक पाहिलंय ते एका बाजूने बसून. पडद्यामागून नाटक बघायला कुणी गेलं नाही. राजा डावीकडून आला तर अख्ख्या थिएटरला तो डावीकडूनच आला. १८० अंशांची गोष्ट म्हणजे प्रेक्षकाची ती खुर्ची. सिनेमात आपण खुर्ची पुढे-मागे करतो, जवळ नेतो, उंच करतो, पण रंगमंचाच्या मागच्या अंगाला नेत नाही.

इथं एक हुशार मुलगा मला नेहमी विचारतो, की मग कुस्तीचं काय? मैदानात लोक आखाड्याच्या चारी बाजूंना बसतात, तरी कुणाचा गोंधळ होत नाही. बरोबर आहे. पण त्यातला प्रत्येक जण आपल्या जागेवरून हलत नाही. ज्याला लाल लांगेचा पैलवान डावीकडे दिसतो, त्याला तो तिथूनच फिरताना दिसतो. संकलक प्रेक्षकाला एका सेकंदाच्या चोविसाव्या भागात आखाड्याच्या पलीकडे नेऊन बसवतो आणि आपण नेलं हे सांगतही नाही. गोंधळ तिथून सुरू होतो.

हा धडा मला फार महागात शिकावा लागला. बारा-तेरा वर्षांपूर्वी माझ्याकडे एका माहितीपटासाठी बैलगाडी शर्यतीचे रशेस, म्हणजे न कापलेलं चित्रीकरण, जोडायला आले. चार कॅमेरे होते. धावपट्टीच्या दोन्ही अंगांना दोन-दोन लावले होते, म्हणजे काहीच सुटायला नको. सुटलं काहीच नाही, फक्त जोडताच येईना. एका बाजूच्या शॉटमध्ये बैलजोडी डावीकडून उजवीकडे सुसाट, दुसऱ्या बाजूच्या शॉटमध्ये तीच जोडी उजवीकडून डावीकडे. कट केला की बैल मागे वळून घरी निघाल्यासारखे दिसत. चार दिवस मी त्यात घालवले. शेवटी वाचवलं ते एका शॉटनं. एका कॅमेरामननं निशाणाच्या पलीकडे उभं राहून समोरून येणारे छकडे घेतले होते. धूळ, शिंगं, नाकपुड्या, सरळ लेन्सवर. या शॉटला डावं-उजवं नाही. तो मधे टाकला की त्याच्या आधी एक बाजू आणि नंतर दुसरी बाजू खपून जाते, कारण मधल्या दीड सेकंदात प्रेक्षक रेघेवर येऊन उभा राहिलेला असतो. तेव्हापासून मी ज्या ज्या युनिटला सल्ला देतो त्यांना एवढंच विनवतो: काहीही घ्या, पण सरळ समोरून किंवा सरळ पाठीमागून एक शॉट घेऊन ठेवा.

तुमच्या प्रसंगातही तोच मार्ग आहे, पण त्याआधी सोपी युक्ती का चालणार नाही ते सांगतो, कारण ती तुम्हाला कुणीतरी सुचवेलच. नातीचे क्लोज सॉफ्टवेअरमध्ये आडवे उलटवायचे, आरशासारखे. नजर डावीकडे जाईल, प्रश्न मिटला. मी करून बघितलं. नजर जुळते. पण तुमच्या नायिकेच्या डाव्या नाकपुडीत चमकी आहे. उलटवल्यावर ती उजवीकडे जाते. तिचा चेहरा तुम्ही तिरकस घेतलाय, त्यामुळे दोन्ही बाजू दिसतात. हा लघुपट सांगली-मिरजेच्या बायका बघणार आहेत, त्यांना ते पहिल्या सेकंदाला खटकेल. वस्तूंकडे कुणी बघत नाही असं मी वर म्हणालो, पण चेहऱ्यावरची वस्तू याला अपवाद आहे. डोळे चेहऱ्यावरच असतात. शॉट उलटवताना पदराचा खांदा, शर्टाचा खिसा, केसांचा भांग, घड्याळ, मागची पाटी, आणि वाहतं पाणी एवढं तपासायचं. यातलं काहीच नसेल तर खुशाल उलटवा, मी अनेकदा उलटवलंय.

आता दुसरी गोष्ट, जी नवख्यांना कुणी सांगत नाही: लाईन जमिनीवर आखलेली नसते, ती माणसांबरोबर फिरते. नात उठून दोन पायऱ्या वर गेली की रेघ तिच्याबरोबर गेली. प्रेक्षकानं तिला उठताना, चढताना पाहिलं, तर त्याच्या मनातला नकाशाही तिच्याबरोबर फिरतो, आणि त्या हालचालीनंतर तुम्हाला नवी बाजू निवडायचा हक्क मिळतो. म्हणून तुमचे नावेतले क्लोज फुकट गेलेले नाहीत. ते प्रसंगाच्या उत्तरार्धात, ती उभी राहिल्यावर, चांगले बसतील. मला ते आवडलेत. मागे देऊळ, वर आभाळ, आणि ती खाली बघून बोलतेय. भांडणाला ती उंची हवीच. फक्त तिथपर्यंत प्रेक्षकाला हात धरून नेणारा शॉट तुमच्याकडे नाही.

उत्तरार्धात आणखी एक अडचण आहे. नात उभी आहे आणि आजोबा तिला उत्तर देताना समोर, बसलेल्या माणसाच्या उंचीवर बघतायत. माझा अंदाज आहे की तो क्लोज घेताना मुलगी तिथं नव्हती, आणि तिच्या ओळी कुणी असिस्टंटनं शेजारी बसून वाचल्या. हे फार ठिकाणी होतं. नजर डावी-उजवी असते तशीच वर-खालीही असते. ज्याच्याकडे बघायचंय तो माणूस नसेल तर कॅमेऱ्याशेजारच्या स्टँडवर त्या उंचीला एक पांढरी चिकटपट्टी लावा आणि नटाला तिच्याकडे बघायला सांगा. पण जमेल तेव्हा समोर खरा नट उभा करा. आजोबांच्या वयाच्या माणसाला चिकटपट्टीकडे बघून डोळ्यांत पाणी आणायला लावणं मला बरोबर वाटत नाही.

इथून दिशेकडे वळतो, कारण घाटाआधीचा तुमचा चालण्याचा भागही खटकतो. हरिपूर रस्त्यावर चिंचेच्या झाडांखालून दोघं डावीकडून उजवीकडे चालतायत. पुढच्या शॉटमध्ये देवळापाशी ती उजवीकडून डावीकडे येतायत. बघणाऱ्याला वाटतं, परत निघाले. हंगामात रस्त्यावर उभं राहिलं की आपल्याकडचं लहान पोरही सांगतं, उसानं भरलेल्या ट्रॉल्या या बाजूला कारखान्याकडे चालल्यात आणि रिकाम्या त्या बाजूला फडाकडे. दिशा म्हणजेच अर्थ. पडद्यावरही तसंच. उजवीकडे चाललेलं पात्र चौकटीबाहेर उजवीकडून गेलं, तर पुढच्या चौकटीत डावीकडून यायला हवं. तरच तो एकच प्रवास वाटतो. तुमच्याकडे यावर उपाय हाताशी आहे. देवळाच्या घंटेकडे वर बघणाऱ्या आजोबांचा तो एकटा शॉट मधे टाका, चालण्याचा एक शॉट काढून टाका. तीन शॉटऐवजी दोन झाले तरी चालणं पोहोचतं.

त्याच चालण्यात दोन टेक एकमेकांना चिकटवलेत, दोन्ही समोरून आणि जवळपास त्याच मापाचे. तिथं जो हिसका बसतो त्याला आपण जंप म्हणतो. एकाच माणसाचे दोन शॉट लागोपाठ जोडायचे असतील तर कॅमेऱ्याची जागा निदान ३० अंशांनी बदलावी आणि मापही बदलावं, हा सांभाळून वापरायचा नियम. अर्धवट बदल सगळ्यात वाईट. थोडंसंच हललं की डोळ्याला वाटतं चित्र अडखळलं. भरपूर हललं की वाटतं मी जागा बदलली. १९६० साली गोदार या फ्रेंच दिग्दर्शकांनी पॅरिसमध्ये असे हिसके मुद्दाम ठेवले, आणि त्यातून जंप कट ही एक भाषाच झाली. तुम्हालाही पुढे कधी ती वापरावीशी वाटेल. या प्रसंगाला ती नको, कारण इथं आजोबा आणि नात यांच्यात जे तुटतंय ते दिसायला हवं. चित्रपटच तुटत असला तर ते दिसणार नाही.

आता तुमच्या प्रसंगातली माझ्या मते सगळ्यात मोठी चूक. ती लाईनीची नाही, आणि तिला पुन्हा शूटही लागत नाही. नात म्हणते, “बाबांनी विकायचं ठरवलंय.” यावर आजोबांचा जो टेक तुम्ही वापरलाय त्यात ते शांत बसलेत, हातातला कागद घडी घातलेला. रशेसमध्ये मी दुसरा टेक पाहिला. त्यात कागद उघडा आहे. ते ऐकतात, खालचा ओठ किंचित हलतो, आणि ते सातबारावरून अंगठा फिरवतात, जणू रानातल्या मातीवरून फिरवावा तसा. वहीत त्या टेकपुढे तुम्ही ‘एनजी, कागद उघडा’ असं लिहिलंय, एनजी म्हणजे बाद. मी तो टेक बघताना थांबलो आणि परत मागे जाऊन बघितला. पंचवीस वर्षं हे काम करतोय. असा अंगठा वर्षातून एकदा मिळतो. आणि तुम्ही तो कागदाच्या घडीसाठी टाकून दिलात.

वॉल्टर मर्च हे अमेरिकेतले थोर संकलक. कट निवडताना काय बघायचं याचे त्यांनी सहा निकष मांडले आणि त्यांना वजनही दिलं: भावना ५१ टक्के, कथा २३, लय १०, प्रेक्षकाची नजर पडद्यावर कुठं आहे याला ७, पडद्याच्या सपाट पृष्ठावरची जागा म्हणजे डावं-उजवं याला ५, आणि प्रत्यक्ष जागेतली सलगता, कोण कुठं उभा आहे, हात कुठं होता, याला ४. आकडे कुणी तराजूत घालून मोजत नाही, त्यांनाही ते अभिप्रेत नव्हतं. क्रम महत्त्वाचा आहे. सहाही जमले तर उत्तम. सोडायची वेळ आली तर खालून सोडत जायचं, वरून नाही. तुम्ही चार टक्के वाचवण्यासाठी एक्कावन्न टक्के दिलेत. तो टेक परत आणा, कागद उघडा तर उघडा. लोक त्यांच्या ओठांकडे बघत असतील. आणि अगदीच वाटलं, तर त्याच्या आधी नातीच्या क्लोजवर कागद उघडल्याचा बारीक आवाज टाका. कागद कधी उघडला हे कानानं कळलं की डोळा विचारत नाही.

लाईनीला मी एवढं महत्त्व दिलं आणि आता ती पाच टक्क्यांत बसली, हे तुम्हाला विसंगत वाटेल. एखाद्या कटला लाईन मोडली तर प्रेक्षक सावरतो. तुमच्या प्रसंगात बावीस कटपैकी चौदा कटांवर ती मोडते. इतक्यांदा सावरावं लागलं की तो भावनेपाशी पोहोचतच नाही, सगळी ताकद रस्ता शोधण्यात जाते. ही सलगता शेवटी त्याचं लक्ष मोकळं राहावं म्हणून असते. जपानचे दिग्दर्शक ओझू आयुष्यभर लाईन ओलांडत राहिले, पण त्यांच्या चौकटी इतक्या शांत आणि इतक्या ठरावीक उंचीच्या असत की प्रेक्षकाला त्यांच्या घराची सवय व्हायची.

बसण्याच्या कटबद्दल थोडं. आजोबा पायरीवर बसतात तिथं तुम्ही वाइडमध्ये ते पूर्ण बसू दिलेत आणि मग क्लोजला गेलात. चूक नाही, पण कट दिसतो. त्याऐवजी हालचालीच्या पोटात कापा. वाइडमध्ये ते गुडघ्यावर हात ठेवतात, वाकतात, आणि शरीर खाली यायला लागतं. तिथं, साधारण हालचालीचा तिसरा भाग झाला की कट, आणि उरलेलं बसणं क्लोजमध्ये. डोळा हालचालीमागे धावत असतो, त्याला सांधा दिसत नाही. वाइडमधून क्लोजला जाताना दोन-तीन फ्रेमची हालचाल परत दाखवली तर अनेकदा जास्त गुळगुळीत वाटतं, कारण कट झाल्यावर पहिल्या काही फ्रेम डोळा नवं चित्र ओळखण्यात घालवतो. एक फ्रेम पुढे, एक मागे करून बघत बसा. मी फिल्मवर शिकलो. ३५ मिमीच्या एका फुटात १६ फ्रेम, म्हणजे एक सेकंद दीड फूट. दोन फ्रेम म्हणजे दोन बोटांच्या रुंदीएवढी पट्टी, ती कापायची, चिकटवायची, परत चालवायची. त्यामुळे दोन फ्रेमची किंमत हाताला कळली. तुम्हाला एक कळ दाबायची आहे, तेव्हा आळस करू नका.

एकच क्रिया दोन शॉटमध्ये कशी वाटायची, हे सिनेमाला सुरुवातीला ठाऊकच नव्हतं. १९०३ साली अमेरिकेत एडविन पोर्टर यांचा अग्निशमन दलावरचा एक मूकपट आला. त्यात आगीतून बाई आणि मुलाची सुटका आधी खोलीच्या आतून पूर्ण दाखवलीय, आणि मग तीच सुटका बाहेरून, पहिल्यापासून, पुन्हा पूर्ण. तेव्हाच्या लोकांना ते खटकलं नसावं. पुढे कुणीतरी त्याची आत-बाहेर असे कट मारलेली प्रत तयार केली, आणि कित्येक वर्षं अभ्यासकांनी तीच मूळ समजली. म्हणजे आपण आज जे ‘साहजिक’ म्हणतो ते माणसांनी बसून, चुकत, शोधून काढलेलं आहे. तुम्ही तीन महिन्यांत ते सगळं अंगात यावं अशी अपेक्षा स्वतःकडून ठेवू नका.

उजेडाचं सांगतो. पहिल्या दिवशीचं ऊन संध्याकाळचं, दुसऱ्या दिवशीचं सकाळचं. रंग तुम्ही ग्रेडिंगमध्ये जुळवलाय, छान जुळवलाय. पण सावल्या एकीकडे डाव्या अंगाला पडतात आणि दुसरीकडे उजव्या, त्या कुठल्याही ग्रेडिंगनं फिरत नाहीत. इथं एक आधार घ्या: प्रेक्षक लागून असलेल्या दोन शॉटची तुलना करतो, चार शॉट मागच्याची सहसा करत नाही. दोन वाइड एकमेकांना लागून येऊ देऊ नका. मधे क्लोज, हातांचा इन्सर्ट, पाण्यावरचं पान, असं येऊ द्या. क्लोजमध्ये पायरीवरची सावली चौकटीबाहेर जाते.

आवाज मी डोळे मिटून ऐकला तेव्हा तुमचा प्रत्येक कट मला मोजता आला. नातीच्या शॉटमागे पाण्याच्या मोटरची घरघर, आजोबांच्या मागे शांतता, परत घरघर. कोकिळेची एक तान अर्ध्यात तुटलीय. चित्रातले निम्मे हिसके खरं तर इथले आहेत. पुन्हा जाल तेव्हा सगळ्यांना गप्प बसवून घाटाचा नुसता आवाज दोन मिनिटं रेकॉर्ड करा. तो पूर्ण प्रसंगाखाली एकसंध अंथरा, आणि संवादांच्या ट्रॅकमधली घरघर जमेल तेवढी काढा. मग संवाद आणि चित्र एकाच फ्रेमवर कापणं सोडा. “विकायचं ठरवलंय” हे शब्द संपायच्या आधी चित्र आजोबांवर येऊ द्या. शेवटचे शब्द त्यांच्या चेहऱ्यावर ऐकू येऊ देत. आपल्याला बघायचाय तो ऐकणारा माणूस. याउलट नातीचं “तुम्ही काहीच का बोलत नाही?” हे आजोबांच्या चेहऱ्यावरच सुरू होऊ द्या, मग तिच्याकडे या. या दोन ठिकाणी आवाज आणि चित्र मागे-पुढे केलं तरी सगळा प्रसंग श्वास घ्यायला लागेल. मी तुमच्या टाइमलाइनची नक्कल करून बघितलं, लागतो.

तर घ्यायचे तीन शॉट. पहिला: नात बसलेली, क्लोज, कॅमेरा देवळाच्या बाजूला, तिची नजर चौकटीत डावीकडे. पूर्वार्धातल्या तिच्या सगळ्या ओळी यात परत घ्या. आजोबांच्या क्लोजचं जे माप आहे तेच हिचं ठेवा, शक्यतो तीच लेन्स. दुसरा: कॅमेरा आजोबांच्या पाठीमागे, बरोबर रेघेवर. त्यांची टोपी आणि खांदा पुढे, नात समोर. ती बोलता बोलता उठते आणि चौकटीत उजवीकडे, पायऱ्या चढत जाते. हा तुमचा पूल. याच्या आधी देवळाची बाजू, याच्या नंतर नावेची. तिसरा: आजोबांचा क्लोज, कॅमेरा नदीच्या बाजूला, नजर डावीकडे आणि वर. नाव पुन्हा मिळाली नाही तरी अडत नाही, शेवटच्या कोरड्या पायरीवर ट्रायपॉड ठेवला तर पार्श्वभूमी जवळपास तीच येईल. मुलीला या वेळी समोर उभं ठेवा.

कपड्यांची वही आहेच, ती घेऊन जा. सावल्यांसाठी दुसऱ्या दिवशीची, सकाळची वेळ बघून तासभर आधी पोहोचा. आजोबांना उन्हात बसवून ठेवू नका. त्यांचा शॉट सगळ्यात आधी घ्या आणि त्यांना मोकळं करा, म्हणजे दुसऱ्या शॉटसाठी पाठमोरा खांदा तेवढा कुणाचाही चालेल, टोपी त्यांची असली की झालं.

आणि निघायच्या आधी पाण्याची चौकशी करा. वरच्या धरणांतून पाणी सोडलं की सांगलीच्या आयर्विन पुलाखाली जे चढतं ते पुढे हरिपुरातही चढतं. तुमच्या मास्टरमध्ये दोघं बसलेत त्या पायरीखाली पाण्यापर्यंत मी नऊ पायऱ्या मोजल्या. नऊ दिसतील त्या दिवशी शूट करा. आठ असल्या तरी चालेल, मी क्लोजमध्ये लपवीन. सहाच उरल्या असतील तर थांबा, पाणी उतरू द्या.